कोमट पाणी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझे बॉनेट उघडलेत तर आत तुम्हाला मोकळी जागा दिसेल. माझे इंजिन माझ्या शेजारीच एका लाकडी घोडीवर ठेवलेले आहे. त्याच्या कुशीवर वीतभर लांबीची, केसासारखी बारीक चीर आहे. येणारेजाणारे ती बघतात आणि पुढे जातात. ती कशी पडली, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म झाला तेव्हा बटण दाबून गाडी सुरू करण्याची सोय नव्हती. पुढच्या बाजूला हँडल घालायचे आणि ते हाताने फिरवायचे, की इंजिन जागे व्हायचे. माझी पहिली मालकीण एक डॉक्टरीणबाई होती. आमचा मुलूख थंडीचा. हिवाळ्यात सकाळी बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरायचा. अशा थंडीत कोणाचे तरी बोलावणे यायचे, आणि बाई कोटाची बटणे लावत लावतच बाहेर यायच्या. माझ्या पोटातले ऑइल थंडीने काकवीसारखे घट्ट झालेले असे. हँडल जागचे हलत नसे. बाई दोन पाय रोवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, तिकडे एक जीव जगात यायची वाट बघतोय आणि तू इथे रुसून बसली आहेस. मग मी खोकत, शिंकत का होईना, सुरू व्हायची. एकदाच मी हँडल उलटे फेकले आणि त्यांचा अंगठा मोडला. त्या दिवशी त्या पायी गेल्या. परत आल्यावर मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते न बोलणेच मला फार लागले.

बाई थकल्या, तशी माझीही उतरती कळा सुरू झाली. त्यांच्या पुतण्याने मला विकले. पुढच्याने मागची सीट काढून माझ्यातून विटा वाहिल्या. त्याच्याही पुढच्याने मला एका पिठाच्या गिरणीमागे पत्र्याच्या छपराखाली उभे केले आणि तो विसरून गेला. तिथे मी अकरा वर्षे होते. कोंबड्यांनी माझ्या सीटवर संसार थाटला. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा; पुढे पुढे तेवढीच सोबत वाटायला लागली.

तिथून मला बाहेर काढले ते मिस्त्रींनी.

मिस्त्री बसच्या कारखान्यात इंजिने दुरुस्त करायचे. त्यांचे खरे नाव काय ते फार थोड्यांना ठाऊक असेल. घरीदारी सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. गिरणीत दळण घेऊन आले असताना त्यांना माझा दिवा दिसला. ते मागे आले, कोंबड्यांना हाकलले, बॉनेट उघडले आणि माझ्या इंजिनावर हात फिरवला. सगळीकडे गंज होता. मिस्त्रींनी बोटाच्या टोकाने सिलिंडरच्या कडा चाचपल्या, डोळे मिटून. मग स्वतःशीच म्हणाले, "आतून शाबूत आहे म्हातारी."

तेव्हापासून मी म्हातारी झाले.

त्यांची लेक तेव्हा कॉलेजात इंजिनांचेच शिक्षण घेत होती. दोघांनी मिळून घरामागच्या शेडमध्ये मला चार वर्षे खोलले आणि जोडले. मिस्त्रींच्या बोटांत जादू होती. दोन पत्र्यांमधली फट किती आहे, ते मापाची पट्टी न लावता सांगायचे. लेक पट्टी लावून बघायची आणि दरवेळी हसायची, कारण आकडा तोच निघायचा. घरातून त्यांची बायको हाका मारून दमायची. शेवटी म्हणायची, तुम्ही दोघं त्या डब्यातच राहायला जा, मी ताट तिथेच आणून देते. आणि खरेच, कधी कधी ती ताट घेऊन यायची आणि माझ्या दाराखालच्या पायरीवर टेकून दोघांचे जेवण होईपर्यंत बसून राहायची. ती गेली त्यानंतर मिस्त्री आठ-दहा दिवस शेडमध्ये आले नाहीत. आले, तेव्हा काहीच काम न करता त्याच पायरीवर बसून राहिले.

पुढे ते घर सुटले. लेक तोपर्यंत शिकून मोठी झाली होती आणि जुन्या गाड्यांच्या संग्रहालयात दुरुस्ती विभागाची प्रमुख होती. मिस्त्री तिच्याकडे राहायला गेले आणि मी संग्रहालयात. मिस्त्रींनी मला देताना एकच अट घातली होती, म्हातारीला हात लावायचा तर तो मीच लावणार. संग्रहालयाने ती मानली. मिस्त्री रोज सकाळी लेकीबरोबर यायचे. फाटकाच्या आत पाऊल पडले की तिला "मॅडम" म्हणायचे, आणि ती ओठ मुडपून हसायची.

आता त्या चाचणीविषयी सांगते.

संग्रहालयात आम्ही चालू स्थितीतल्या नऊ गाड्या होतो. हिवाळा आला की प्रत्येकीचे रडगाणे सुरू व्हायचे. कोणी सुरूच व्हायची नाही, कोणाचे काही तुटायचे. कोणती गाडी थंडी किती सोसते, ते एकदा नीट तपासून लिहून ठेवावे असे लेकीने ठरवले. दर हिवाळ्यात ती एक सगळ्यांत गार दिवस निवडायची. आदल्या संध्याकाळी आमच्यातले पाणी काढून टाकायचे आणि आम्हाला उघड्या अंगणात ओळीने उभे करायचे. वर आच्छादन नाही, शेजारी शेगडी नाही. सकाळी सात वाजता हवा किती गार आहे आणि आमचे ऑइल किती गार आहे, ते मोजायचे. मग टाकीतले गार पाणी भरायचे, चोक ओढायचा आणि हँडल मारायचे. किती फेऱ्यांत इंजिन पेटले आणि किती सेकंद लागले, ते लेक घड्याळ हातात धरून वहीत लिहायची.

पहिल्या वर्षी मला अकरा फेऱ्या लागल्या. मिस्त्रींनी पातळ ऑइल घालून बघितले, प्लगची फट कमी केली, चोक किती ओढायचा ते सुताने ठरवले. दुसऱ्या वर्षी आठ. चौथ्या वर्षी सहा. त्या सकाळी मिस्त्री अंगणातल्या सगळ्या माणसांना सांगत फिरले, अगदी पहारेकऱ्यालासुद्धा, की म्हातारीने पाच वर्षांनी लहान असलेल्या गाडीला मागे टाकले. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ कौतुक ऐकले असेन, पण त्या दिवसासारखे नाही.

सहाव्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. नऊच्या नऊ गाड्या चालत्या ठेवणे आता जमणार नाही, असे संग्रहालयाच्या समितीने ठरवले. थंडीच्या चाचणीत पहिल्या चार येतील त्या चालू राहतील. बाकीच्यांचे पेट्रोल, ऑइल काढून घेऊन त्यांना दोरीच्या आड नुसते बघण्यासाठी उभे करतील. लेकीने हे सगळ्यांना एकाच वेळी, सारख्याच शब्दांत सांगितले. आपल्या वडिलांना तिने एक शब्दही जास्त सांगितला नाही, कमीही नाही. मिस्त्री म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, चांगलं आहे.

पण त्या वर्षी मिस्त्रींचा उजवा खांदा धरला होता. दुपारी कोणी नसले की ते हँडल घालून फिरवून बघायचे. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, आणि मग खांदा दाबत पायरीवर टेकायचे. लेकीला ते दिसत होते. तिने सुचवले की हँडल संग्रहालयातल्या वेल्डरने मारले तरी चालेल, नियमात बसते. वेल्डर त्यांच्याच हाताखाली शिकलेला, अंगापिंडाने मजबूत, आणि मनाने सरळ माणूस होता. मिस्त्री एवढेच म्हणाले, "अजून हात आहेत मला." त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

मला वाटते, त्यांना माझी काळजी नव्हती. मी सहा फेऱ्यांत सुरू होणार, हे त्यांना पक्के माहीत होते. त्या सहा फेऱ्या आपल्याच्याने होतील का, याची त्यांना धास्ती होती. आणि मी दोरीच्या आड गेले की आपल्याला सकाळी उठून कुठे जायचे, याचीही असावी.

चाचणीच्या दिवशी उजाडता उजाडता मिस्त्री एकटेच आले. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली मोठी किटली होती. पहारेकऱ्याला वाटले, चहा आणला असेल. मिस्त्री माझ्याजवळ आले, इकडेतिकडे बघितले आणि किटलीचे झाकण काढून त्यात दोन बोटे बुडवली. मग मान हलवली.

"कोमट आहे," ते मला म्हणाले. "गारठा मोडेल तुझा नुसता. तीन फेऱ्यांत पेट घे बाई. चौथी माझ्याच्याने होणार नाही."

त्यांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतायला सुरुवात केली.

मित्रांनो, ते पाणी कोमट नव्हते. ते जवळजवळ उकळते होते. माझे लोखंड बर्फासारखे गार पडलेले, आणि त्यात एकदम तो जाळ शिरला. आतून 'टिच' असा बारीक आवाज झाला. तरण्या कानाला ऐकू गेला असता. मिस्त्रींना गेला नाही. मला बोलता येत असते तर मी तेवढ्यात ओरडले असते, पण आम्हा यंत्रांना मोडल्यावरच बोलता येते. मिस्त्रींनी थोडा वेळ थांबून खालची तोटी उघडली, पाणी काढून टाकले, किटली कुंपणाशी ठेवली आणि बाकीच्यांची वाट बघत उभे राहिले.

सात वाजता सगळे जमले. लेक ओळीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करत आली. माझा नंबर सातवा होता. तोपर्यंत चांगला उजेड पडला होता, आणि त्या उजेडात जे दिसायचे ते दिसतच होते. बाकीच्या आठ गाड्यांची बॉनेटे दहिवराने पांढरीशुभ्र झाली होती. माझे एकटीचे काळे आणि ओले होते.

वेल्डर ऑइलमध्ये थर्मामीटर घालून आकडा मोठ्याने सांगायचे काम करत होता. सहा गाड्यांचा त्याने सांगितला. माझ्या वेळी थर्मामीटर बाहेर काढून तो नुसता बघत राहिला. मग आकडा न सांगताच त्याने तो लेकीच्या हातात दिला. तिने बघितले. माझ्या बॉनेटकडे बघितले, खाली विरघळलेल्या दहिवराकडे बघितले. वडिलांकडे मात्र बघितले नाही.

"सुरू करा," ती म्हणाली.

तिने तेव्हाच का थांबवले नाही, हे मला आजवर कळलेले नाही. कदाचित चार लोकांसमोर तिची जीभ रेटली नसेल. वेल्डरने गार पाणी भरले. मिस्त्रींनी पाय रोवले. पहिली फेरी, दुसरी, आणि तिसरीला मी पेटले. अंगणातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री हँडल हातात घेऊन सरळ उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडावर असे काही हसू आले की मी माझे दुखणे क्षणभर विसरले.

मग चिरेतून पाणी आत झिरपायला लागले. सायलेन्सरमधून पांढऱ्या वाफेचे लोट निघाले. मी खोकले, अडखळले. ज्या सिलिंडरमध्ये आग असायला हवी तिथे पाणी होते. मी फार प्रयत्न केला, पण मिनिटभरात बंद पडले. वेल्डरने ऑइलची काडी ओढून बघितली. पाणी मिसळून ऑइल दुधाळ झाले होते.

लेक वडिलांजवळ गेली. "बाबा, पाणी किती गरम होतं?"

"कोमट," मिस्त्री म्हणाले. "हात घालून बघितलं होतं मी."

"कोमट पाण्याने इंजिनाचा ब्लॉक फुटत नाही, बाबा."

"कोमटच होतं."

आपण आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना खोटे बोलताना पकडले, असे तिला वाटले. तिचा चेहरा दगडासारखा झाला. हातातल्या पेन्सिलीचे टोक वहीवर टेकलेले होते, पण हात पुढे जात नव्हता. तेव्हा मिस्त्रीच म्हणाले, "लिहा मॅडम. गरम पाणी घातलं, चाचणीतून बाद. मी सही करतो." आणि त्यांनी तिच्या अक्षराखाली सही केली. त्या दिवशी तिला मॅडम म्हणताना त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

पुढचे दहाबारा दिवस फार वाईट गेले. मिस्त्री रोज यायचे, पण लेकीच्या मागून चार पावले ठेवून. दोघांत कामापुरतेसुद्धा बोलणे होत नव्हते. मला आत आणून कोपऱ्यात उभे केले होते. मिस्त्री माझ्याजवळ यायचे, बॉनेटला हात लावायचे आणि लगेच मागे घ्यायचे, जणू तो हक्क आता आपल्याला उरलेला नाही. वेल्डर त्यांना चहा आणून द्यायचा. तो तसाच निवून जायचा.

शेवटी इंजिन काढायचा दिवस आला. साखळीच्या कप्पीने वेल्डरने ते वर उचलले आणि लाकडी घोडीवर ठेवले. लेकीने ते पुसून काढले, विजेचा दिवा जवळ धरला, आणि चीर सापडली. तिच्या मनात काय आले कोण जाणे. तिने मिस्त्रींना हाक मारली. दहाबारा दिवसांत पहिल्यांदा.

"बाबा, या. इथे आहे बघा."

मिस्त्री आले. त्यांना आता बारीक दिसत नव्हते. त्यांनी नेहमीच्या सवयीने डोळे मिटले आणि बोट फिरवले. एकदा फिरवले, दुसऱ्यांदा फिरवले.

"कुठे?"

"तुमच्या बोटाखालीच आहे."

"नाही लागत."

तिने त्यांचे बोट धरले आणि चिरेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले. नखही अडकेल एवढी ती चीर होती. मिस्त्रींनी मान हलवली. "मला नाही लागत गं."

लेकीने त्यांचा हात उलटा केला आणि दिव्याखाली धरला. दोन बोटांच्या टोकांवर कातडी सोलवटून निघालेली होती. भाजल्याचे फोड येऊन, फुटून, सुकत आले होते. किटलीत बुडवलेली तीच दोन बोटे.

"हे कधी झालं?"

मिस्त्रींनी हात डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "काय की. कशाने तरी भाजलं असेल."

वेल्डरने तिच्या हातातला दिवा घेतला. ती खाली बसली, माझ्या त्याच पायरीवर, आणि विचारले, बोटांना कधीपासून कळत नाही? मिस्त्री म्हणाले की दोन वर्षे झाली असतील. आधी सुन्न व्हायची, आता जवळजवळ काहीच कळत नाही. त्या सकाळीही बोटाला ऊब लागेपर्यंत पाणी चुलीवर ठेवले होते. लागायलाच फार वेळ लागला.

"मग सांगायचं नाही का बाबा?"

"सांगून काय झालं असतं?" ते म्हणाले. "तू माझ्या हातातून हत्यार काढून घेतलं असतंस."

ती नाही म्हणाली नाही, कारण ते खरे होते. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग उठून चाचणीची वही आणली. निकालाच्या ओळीला तिने हात लावला नाही. ती जशी होती तशी आजही आहे. तिच्याखाली तिने एक ओळ लिहिली: 'पाणी कोमट आहे असे त्यांना खरोखरच वाटले होते. ते खोटे बोलले नाहीत.' लिहून झाल्यावर तिने ते वडिलांना वाचून दाखवले. मिस्त्री म्हणाले, एवढं कशाला लिहायचं वहीत. आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले.

डॉक्टरांनी तपासले. रक्तातल्या साखरेने बोटांची जाणीव गेली होती. आधी कळले असते तर थोडी राखता आली असती. आता परत यायची नव्हती. मिस्त्री त्यानंतर दोन हिवाळे होते. ते येऊन माझ्या पायरीवर बसायचे, आणि लेक काम करता करता त्यांना विचारायची, ही फट किती असेल? ते अंदाजाने काहीतरी सांगायचे. आकडा बहुधा चुकायचा. ती पट्टी लावून बघायची आणि म्हणायची, बरोबर आहे. त्यांना तो चुकल्याचे कळत असावे, असे मला वाटते. त्यांनी कधी तसे दाखवले नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात लेक एकटी आली.

आजही दर वर्षी एका गार सकाळी अंगणात चाचणी होते. मला आतून हँडलचे आवाज ऐकू येतात आणि मी फेऱ्या मोजते. लेकीने त्यात एक नवी गोष्ट सुरू केली आहे. इंजिने तपासण्याच्या आधी ती हँडल मारणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवते. गार पाण्याचे आणि कोमट पाण्याचे अशी दोन भांडी ठेवते आणि डोळे मिटून बोटे बुडवायला सांगते. काही जण हसतात. ती हसत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरात, शाळेत, गावात असतील. त्यांना पुसा, तेल घाला, ऊनपावसात टाकू नका. एवढे तर मी सांगणारच. पण माझे मागणे याहून थोडे जास्त आहे. त्या वस्तू ज्याने वर्षानुवर्षे सांभाळल्या, त्या माणसाचा हात एकदा आपल्या हातात घ्या आणि त्याला विचारा, दुखते का, दिसते का, बोटांना कळते का. तो 'कळत नाही' म्हणाला तर त्याला घालवून देऊ नका. त्याला तिथेच राहू द्या, आणि दुसऱ्या बाजूने तुम्ही हँडल धरा.